सौर जलतापकाची उष्णतागणना

सौर जलतापक (बोलीभाषेत सौर बंब किंवा सोलर हीटर) हे सूर्यप्रकाशातील ऊर्जा शोषून पाणी तापविणारे उपकरण आहे. अशा उपकरणातून ठरावीक दिवशी किती पाणी किती तापेल, अथवा ठरावीक गरजेसाठी किती क्षेत्रफळाचा संग्राहक लागेल, हे ठरविण्याच्या रीतीस सौर जलतापकाची उष्णतागणना म्हणतात. या गणनेचे तीन भाग पडतात : पाण्याला लागणारी उष्णता, संग्राहकावर पडणारे सौर प्रारण आणि वाटेत होणारा उष्णतेचा ऱ्हास. पहिला भाग शालेय भौतिकशास्त्राने सुटतो. तिसरा भाग पाण्याच्या तापमानावर अवलंबून असल्यामुळे जलतापकाची कार्यक्षमता हा स्थिर आकडा राहत नाही. त्यामुळे केवळ टाकीतील पाण्याच्या तापमानावरून जलतापकाची पारख करणे दिशाभूल करणारे ठरते.

इतिहास

स्विस शास्त्रज्ञ ओरास-बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी १७६७ मध्ये काचेच्या झाकणाची उष्णतारोधक पेटी तयार केली. आजच्या सपाट संग्राहकाचे मूळ या पेटीत आढळते. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील क्लॅरेन्स केम्प यांनी १८९१ मध्ये व्यापारी स्वरूपाच्या सौर जलतापकाचे एकस्व मिळविले. त्यात टाकी आणि संग्राहक एकच असल्याने पाणी रात्री थंड होत असे. कॅलिफोर्नियातील विल्यम बेली यांनी १९०९ मध्ये संग्राहक व उष्णतारोधक टाकी वेगळी करून ही अडचण दूर केली. आजचे बहुसंख्य घरगुती जलतापक याच रचनेवर आधारलेले आहेत.

गणनेचा शास्त्रीय पाया नंतर घातला गेला. हॉइट हॉटेल व बी. बी. वॉर्ट्झ यांनी १९४२ मध्ये सपाट संग्राहकाच्या उष्णताऱ्हासाचे विश्लेषण मांडले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस हॉटेल, व्हिलियर आणि ब्लिस यांच्या कार्यातून संग्राहकाच्या उपयुक्त उष्णतेचे समीकरण रूढ झाले, ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. इस्रायलमधील हॅरी टाबोर यांनी १९५० च्या दशकात निवडक लेप विकसित केले. हे लेप सूर्यप्रकाश भरपूर शोषतात, पण उष्णतेचे प्रारण फार कमी करतात.

भारतात अशा गणनेसाठी लागणारी प्रारणाची आकडेवारी संकलित करण्यात भारतीय हवामान विभागाच्या शास्त्रज्ञ ॲना मणी यांचा मोठा वाटा आहे. त्यांचा भारतातील सौर प्रारणाच्या आकडेवारीचा संदर्भग्रंथ १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक सुहास पांडुरंग सुखात्मे यांचे सौर ऊर्जेवरील इंग्रजी पाठ्यपुस्तक भारतीय अभियांत्रिकी अभ्यासक्रमांत दीर्घकाळ वापरले गेले आहे.

पाण्याला लागणारी उष्णता

मूळ सूत्र पुढीलप्रमाणे आहे :

उष्णता = पाण्याचे वस्तुमान × विशिष्ट उष्माधारकता × तापमानातील वाढ

एक लिटर पाण्याचे वस्तुमान व्यवहारात एक किलोग्रॅम धरतात. पाण्याची विशिष्ट उष्माधारकता सुमारे ४.१८६ किलोज्यूल प्रति किलोग्रॅम प्रति अंश सेल्सिअस आहे. ३,६०० किलोज्यूल म्हणजे एक किलोवॉट-तास, अर्थात विजेच्या देयकावरील एक युनिट.

उदाहरणार्थ, हिवाळ्यात २०° से. तापमानाचे १०० लिटर पाणी ६०° से. पर्यंत तापवायचे असल्यास,

१०० × ४.१८६ × ४० = १६,७४४ किलोज्यूल = सुमारे ४.६५ किलोवॉट-तास

२ किलोवॉटच्या विजेच्या गीझरला एवढ्या उष्णतेसाठी सुमारे दोन तास वीस मिनिटे लागतील.

अंघोळीसाठी ६०° से. चे पाणी थेट वापरले जात नाही. त्यात थंड पाणी मिसळावे लागते. मिश्रणाचे सूत्र असे आहे :

लागणारे गरम पाणी = एकूण पाणी × (अंघोळीच्या पाण्याचे तापमान − थंड पाण्याचे तापमान) ÷ (गरम पाण्याचे तापमान − थंड पाण्याचे तापमान)

अंघोळीचे पाणी ४०° से. चे धरल्यास २० लिटरच्या बादलीत १० लिटर गरम आणि १० लिटर थंड पाणी लागते. म्हणजेच ६०° से. चे १०० लिटर पाणी अशा दहा बादल्यांना पुरते. एका बादलीची उष्णता सुमारे ०.४६५ किलोवॉट-तास होते. घरातील गरज मोजताना टाकीच्या लिटरपेक्षा बादल्यांचा हा हिशेब अधिक उपयोगी पडतो.

संग्राहकावर पडणारे प्रारण

पृथ्वीच्या वातावरणाबाहेर सूर्यकिरणांना लंब असलेल्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे १,३६१ वॉट ऊर्जा पडते. यास सौर स्थिरांक म्हणतात. निरभ्र दिवशी भर दुपारी जमिनीवर हे प्रमाण सुमारे १,००० वॉट प्रति चौरस मीटर असते. गणनेसाठी मात्र दिवसभराची बेरीज महत्त्वाची असून ती किलोवॉट-तास प्रति चौरस मीटर या एककात देतात.

ही बेरीज सूर्याच्या स्थितीवर अवलंबून असते. सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे त्याचे कोनीय अंतर, वर्षभरात उत्तरेस २३.४५° ते दक्षिणेस २३.४५° या मर्यादेत बदलते. वर्षातील कोणत्याही दिवसाची क्रांती पुढील सूत्राने काढता येते :

क्रांती = २३.४५° × ज्या [३६० × (२८४ + वर्षातील दिवसाचा क्रमांक) ÷ ३६५]

येथे ज्या म्हणजे त्रिकोणमितीतील साइन गुणोत्तर, कंसातील राशी अंशांत असून उत्तर क्रांती धन आणि दक्षिण क्रांती ऋण धरतात. सूर्य खस्वस्तिकाच्या दक्षिणेस असताना मध्यान्हीचा त्याचा उन्नतांश = ९०° − स्थळाचा अक्षांश + क्रांती. पुण्याचा अक्षांश सुमारे १८.५° उत्तर असल्याने २२ डिसेंबरच्या सुमारास तेथे मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८° उंचीवर असतो. जून महिन्यात मात्र तो खस्वस्तिक ओलांडून किंचित उत्तरेकडे जातो.

गरम पाण्याची गरज हिवाळ्यात सर्वाधिक असते आणि तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून उत्तर गोलार्धात संग्राहक दक्षिणाभिमुख ठेवतात व त्याचा उतार अक्षांशापेक्षा सुमारे १०° ते १५° अधिक ठेवतात. पुण्यासाठी हा उतार सुमारे ३०° येतो. २२ डिसेंबरच्या मध्यान्ही आडव्या पृष्ठभागाच्या तुलनेत अशा उतारावर पडणारे थेट प्रारण सुमारे १.३ पट असते. ढगांमुळे विखुरलेले प्रारण सर्व दिशांनी येत असल्याने पावसाळ्यात उताराचा असा लाभ मिळत नाही.

सावलीचा विचारही याच गणनेत मोडतो. २२ डिसेंबरच्या सुमारास पुण्यात सौर वेळेनुसार सकाळी नऊ वाजता सूर्य सुमारे २९° उंचीवर असतो. त्या वेळी एक मीटर उंचीच्या कठड्याची सावली सुमारे १.८ मीटर लांब पडते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५° पूर्व रेखांशावर आधारलेली असून पुणे सुमारे ७३.९° पूर्व रेखांशावर आहे. त्यामुळे तेथील सौर वेळ घड्याळापेक्षा सरासरी सुमारे ३५ मिनिटे मागे असते आणि मध्यान्ह साधारणपणे १२ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास होते.

संग्राहकाची कार्यक्षमता

सपाट संग्राहकात काचेखाली काळ्या लेपाची धातूची शोषक पट्टी असते व तिला पाण्याच्या नळ्या जोडलेल्या असतात. काचेतून ८६ टक्के प्रारण आत गेले, पट्टीने त्यातील ९३ टक्के शोषले आणि शोषलेल्या उष्णतेपैकी ९० टक्के पाण्याकडे गेली, असे धरल्यास ०.८६ × ०.९३ × ०.९० = सुमारे ०.७२. हे संग्राहकाच्या कार्यक्षमतेचे प्रारंभिक मूल्य होय. पाणी आणि भोवतालची हवा यांचे तापमान सारखे असताना एवढी कार्यक्षमता मिळते.

पाणी हवेपेक्षा अधिक तापू लागले की वहन, अभिसरण आणि प्रारण या तिन्ही मार्गांनी उष्णता बाहेर जाते. हा ऱ्हास तापमानातील फरकाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून,

कार्यक्षमता = प्रारंभिक मूल्य − ऱ्हासगुणांक × (पाण्याचे सरासरी तापमान − हवेचे तापमान) ÷ प्रारणाची तीव्रता

चांगल्या सपाट संग्राहकाचा ऱ्हासगुणांक ५ वॉट प्रति चौरस मीटर प्रति अंश सेल्सिअस या श्रेणीत असतो. पाणी जितके अधिक तापते, तितका पुढचा प्रत्येक अंश अधिक महाग पडतो, असा या समीकरणाचा अर्थ आहे.

क्षेत्रफळाचे उदाहरण

पुढील मूल्ये उदाहरणादाखल गृहीत धरली आहेत : हिवाळ्यातील निरभ्र दिवस, उतरत्या संग्राहकावर दिवसभरात ५.५ किलोवॉट-तास प्रति चौरस मीटर प्रारण, उन्हाचे आठ तास, दिवसाची हवा २५° से., थंड पाणी २०° से., टाकी १०० लिटरची.

१. प्रारणाची सरासरी तीव्रता : ५,५०० ÷ ८ = सुमारे ६८८ वॉट प्रति चौरस मीटर.

२. पाणी २०° पासून ६०° से. पर्यंत तापत असताना त्याचे सरासरी तापमान ४०° से. असते, हवेशी फरक १५°.

३. कार्यक्षमता : ०.७२ − (५ × १५ ÷ ६८८) = सुमारे ०.६१.

४. काचेवरील धूळ, जोडनळ्या आणि टाकीचा दिवसाचा ऱ्हास मिळून १५ टक्के घट धरल्यास एका चौरस मीटरमागे मिळणारी उष्णता ५.५ × ०.६१ × ०.८५ = सुमारे २.८६ किलोवॉट-तास.

५. लागणारे क्षेत्रफळ : ४.६५ ÷ २.८६ = सुमारे १.६ चौरस मीटर.

येथे रात्रीचा ऱ्हास धरलेला नाही. ५० मिलिमीटर जाडीच्या पॉलियुरेथेन फोमने वेढलेल्या १.५ चौरस मीटर पृष्ठभागाच्या टाकीतून प्रत्येक अंश फरकामागे सुमारे ०.७५ वॉट उष्णता निसटते. टाकीतील पाणी ६०° से. आणि रात्रीची हवा १५° से. असल्यास चौदा तासांत सुमारे ०.४७ किलोवॉट-तास उष्णता जाते व १०० लिटर पाणी सुमारे ४° ने उतरते. सकाळी ६०° से. चे पाणी हवे असेल, तर सायंकाळी ते ६४° से. असावे लागते. तसा हिशेब केल्यास क्षेत्रफळ १.८ चौरस मीटरच्या पुढे जाते. भारतात १०० लिटरमागे २ चौरस मीटर सपाट संग्राहक देण्याचा जो प्रघात आहे, त्याचा आधार या गणनेतून स्पष्ट होतो.

तापमान आणि उष्णता यांतील भेद

याच गृहीतकांवर २ चौरस मीटरचा तोच संग्राहक वेगवेगळ्या क्षमतेच्या टाक्यांना जोडल्यास सायंकाळची स्थिती पुढीलप्रमाणे येते :

७५ लिटर : तापमान सुमारे ७८° से., साठलेली उष्णता ५.१ किलोवॉट-तास
१०० लिटर : तापमान सुमारे ६७° से., साठलेली उष्णता ५.५ किलोवॉट-तास
१५० लिटर : तापमान सुमारे ५४° से., साठलेली उष्णता ५.९ किलोवॉट-तास
२०० लिटर : तापमान सुमारे ४७° से., साठलेली उष्णता ६.२ किलोवॉट-तास

हात पोळणारे पाणी देणारी लहान टाकी प्रथमदर्शनी अधिक चांगली वाटते. प्रत्यक्षात तिच्यात सर्वांत कमी उष्णता साठते, कारण संग्राहक दिवसाचा बराच काळ अधिक तापमानावर राहून उष्णता हवेत गमावतो. बादल्यांच्या हिशेबात ७५ लिटरच्या टाकीतून अंघोळीच्या सुमारे अकरा, तर २०० लिटरच्या टाकीतून सुमारे तेरा बादल्या मिळतात. याला दुसरी बाजूही आहे. मोठ्या टाकीतील पाणी ढगाळ दिवशी अंघोळीच्या तापमानापर्यंत पोहोचत नाही व मग त्यात विजेची भर घालावी लागते. टाकीची निवड म्हणजे या दोन बाजूंमधील तडजोड असते.

ढगाळ दिवस आणि पूरक तापन

प्रारण ३ किलोवॉट-तास प्रति चौरस मीटर इतके उतरल्यास, थंड पाणी २४° से. व हवा २५° से. धरून, २ चौरस मीटरच्या संग्राहकाने १०० लिटर पाणी सुमारे ४९° से. पर्यंत तापते. प्रारण १.५ किलोवॉट-तास असल्यास ते जेमतेम ३७° से. होते. असे पाणी अंघोळीस अपुरे असले, तरी ते गीझरमध्ये नेल्यास ६०° से. साठी सुमारे २.७ किलोवॉट-तास वीज पुरते. तेच पाणी २४° से. पासून तापविण्यास सुमारे ४.२ किलोवॉट-तास लागले असते.

टाकीतच बसविलेला विद्युत तापक सूर्योदयानंतर चालू ठेवल्यास संग्राहकाकडे जाणारे पाणी आधीच गरम असते व सौर लाभ घटतो. म्हणून पूरक तापन सूर्यास्तानंतर किंवा वापराच्या ठिकाणी वेगळ्या गीझरमध्ये करणे हितावह असते.

निर्वात नलिका

दुहेरी काचनळीच्या दोन थरांमध्ये निर्वात पोकळी ठेवल्यास वहन व अभिसरण जवळजवळ थांबते आणि ऱ्हासगुणांक १ ते २ पर्यंत उतरतो. प्रारंभिक मूल्य मात्र सपाट संग्राहकापेक्षा सहसा कमी असते. ते ०.६० आणि ऱ्हासगुणांक १.५ धरल्यास वरील उदाहरणातील प्रारणात दोन्ही प्रकारांची कार्यक्षमता सुमारे २४° फरकावर समान होते. पाणी हवेपेक्षा सरासरी २४° हून कमी तापलेले असेल तोवर सपाट संग्राहक सरस ठरतो. त्यापुढे, तसेच थंड प्रदेशांत, निर्वात नलिका सरस ठरतात.

अभिसरण आणि नळजोडणी

घरगुती जलतापकात पाणी बहुधा पंपाविना फिरते. २०° से. च्या पाण्याची घनता सुमारे ९९८ आणि ६०° से. च्या पाण्याची सुमारे ९८३ किलोग्रॅम प्रति घनमीटर असते. ०.६ मीटर उंचीच्या दोन स्तंभांमध्ये या फरकाने निर्माण होणारा दाब सुमारे ८८ पास्कल, म्हणजे पाण्याच्या केवळ ९ मिलिमीटर उंचीएवढा असतो. इतक्या क्षीण दाबावर अभिसरण चालत असल्याने टाकी संग्राहकाच्या वर ठेवतात. जोडनळ्या आखूड व सतत चढत्या असाव्या लागतात. नळीत हवेचा फुगा अडकला किंवा बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने थर साचला, तर प्रवाह मंदावतो. क्षारयुक्त पाण्यासाठी उष्णता-विनिमयक असलेली बंद अभिसरणाची रचना वापरतात.

गच्चीवरील टाकीपासून न्हाणीघरापर्यंतची नळी हा ऱ्हासाचा दुर्लक्षित भाग होय. १५ मिलिमीटर आंतरव्यासाच्या २० मीटर लांब नळीत सुमारे ३.५ लिटर, तर २० मिलिमीटर व्यासाच्या तेवढ्याच नळीत सुमारे ६.३ लिटर पाणी राहते. दीर्घ खंडानंतर नळ उघडल्यावर हे थंड झालेले पाणी आधी बाहेर येते. दिवसातून चार वेळा असे झाल्यास रुंद नळीतून २५ लिटर पाणी आणि त्यातील उष्णता वाया जाते. यासाठी गरम पाण्याच्या नळीला उष्णतारोधक वेष्टन घालतात आणि तिचा व्यास गरजेपेक्षा अधिक ठेवत नाहीत.

स्तब्ध तापमान

पाण्याचा प्रवाह थांबल्यास संग्राहक तापत जातो व शोषलेली उष्णता ऱ्हासाएवढी झाली की त्याचे तापमान स्थिरावते. १,००० वॉट तीव्रतेस वरील मूल्यांनुसार हा फरक ०.७२ × १,००० ÷ ५ = १४४° येतो. हवा २५° से. असल्यास संग्राहकाचे तापमान सुमारे १७०° से. पर्यंत जाऊ शकते. अधिक तापमानास ऱ्हासगुणांक वाढत असल्याने प्रत्यक्षातील आकडा काहीसा कमी असतो. म्हणून रिकामा संग्राहक भर उन्हात पाण्याने भरणे धोक्याचे असते. निर्वात काचनळ्या त्यामुळे तडकू शकतात. टाकीला हवानळी किंवा दाबमोचक झडप असणे याच कारणासाठी आवश्यक असते.

भारतातील वापर

सपाट संग्राहकांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आय. एस. १२९३३ हे मानक आहे. जानेवारी २०१० मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर अभियानात २०२२ पर्यंत २ कोटी चौरस मीटर सौर तापीय संग्राहक क्षेत्राचे उद्दिष्ट ठेवले होते. पुणे महानगरपालिका सौर जलतापक असलेल्या मिळकतींना मिळकतकरात सवलत देते.

महाराष्ट्रात पूर्वी अंघोळीचे पाणी लाकूड किंवा कोळशावर चालणाऱ्या तांब्याच्या बंबात तापविले जाई. ‘सौर बंब’ हे नाव त्यावरूनच पडले. वर्षातील २५० दिवस रोज ४.६५ किलोवॉट-तास उष्णता मिळाली असे धरल्यास १०० लिटरच्या एका जलतापकामुळे वर्षाला सुमारे १,१६० युनिट विजेची बचत होते. ही बचत पूर्णपणे पदरात पडण्यासाठी घरात रोज तेवढे गरम पाणी वापरले जाणे आवश्यक असते. न वापरलेली उष्णता बचतीत धरता येत नाही. शिवाय आदल्या दिवशीचे गरम पाणी टाकीत शिल्लक राहिल्यास दुसऱ्या दिवशीची कार्यक्षमताही घटते. त्यामुळे जलतापकाचा आकार ठरविताना घरातील रोजच्या वापराची नोंद हा गणनेचा पहिला आकडा मानला जातो.